सुनेसाठी गोठा

सगळा घोळ एका प्लॅस्टिकच्या बाटलीने केला. बाटलीत आमासी होतं, म्हणजे घट्ट विरजलेलं आंबट दूध, आणि ते मी सुपरमार्केटातून स्वतः तारीख बघून, थंडगार निवडून आणलं होतं. ते मी माझ्या थोरल्या बहिणीच्या हातात अभिमानाने ठेवलं. सिसी, म्हणजे ताई, नोवेथु चष्मा गावी विसरून आली होती. तिने बाटली हात लांब करून धरली, पुढून पाहिली, मागून पाहिली आणि विचारलं, "ही गाय कुणाची?"

"कुणाची म्हणजे? डेअरीची."

"डेअरी कुठल्या कुळातली?"

मी आयुष्यभर हायस्कुलात भूगोल शिकवला आणि उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. असले प्रश्न विचारणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे. पण सिसीला वर्गाबाहेर उभं करणारा माणूस अजून जन्मायचा आहे. शिवाय आमच्याकडे नव्या सुनेला घरात घ्यायचं तर नवऱ्याची आत्या लागतेच. ती नसेल तर बकरा कापला काय अन् न कापला काय, सारखंच.

सून आमची झिमासा. माझ्या सिविवेची बायको. चर्चमधलं लग्न झालं, पांढरा झगा झाला, हॉल झाला, सरकारी कागदावर सह्या झाल्या. तरी आमच्या हिशेबी ती अजून पाहुणीच होती. दारामागे चटईवर बसवून तिला बकऱ्याचं मांस आणि या घरचं आमासी खाऊ घालायचं, नवं नाव द्यायचं, म्हणजे ती घरची. तोवर या घरात दुधाचा थेंबही तिने तोंडाला लावायचा नाही. पोरगी किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. रजा काढून आली होती. रोज पहाटे उठून, घोट्यापर्यंतचा झगा, खांद्यावर ब्लँकेट आणि भुवयांपर्यंत ओढलेला रुमाल अशा वेशात ती सगळ्यांसाठी दुधाचा चहा करायची आणि स्वतःचा काळा चहा कोपऱ्यात उभी राहून प्यायची. एका शब्दाची तक्रार नाही. तिच्याकडे बघून माझा दुधाचा चहा माझ्याच घशाखाली उतरेना.

"अगं, आजकाल सगळेच बाटलीचं आणतात," मी सिसीला म्हणालो.

"आणू देत. त्यांनी भर सभेत भाषणं ठोकली नव्हती."

हे मात्र वर्मी लागलं. झाली होती एक चूक. लग्नाच्या बोलणीला आम्ही तिच्या माहेरी गेलो तेव्हा तिचे काका ओळीने बसून मिश्या पुसत होते. त्यातला सर्वांत जाडा म्हणाला, "शहरात बंगले असतात म्हणे. घरं असतात का?" त्यावर मी नव्या सुटात उभा राहिलो आणि म्हणालो, "आमची सून भेले कुळाच्या अंगणात, भेलेंच्याच गायीच्या दुधाने आमची होईल!" टाळ्या पडल्या. माझी बायको मादलोमो हिने टेबलाखाली माझ्या पायावर टाच रोवली. मला वाटलं, कौतुकाने.

"तू त्यांना घर सांगितलंस," सिसी बाटली टेबलावर ठेवत म्हणाली. "तुझ्याकडे घर कुठंय? तुझ्याकडे पत्ता आहे."

मादलोमोने शहाणपणाचा तोडगा काढला. गावी माझ्या थोरल्या भावाकडे वडिलोपार्जित घर आहे, गोठा आहे, गायी आहेत. सगळे तिकडे जाऊ, दोन घास भरवू, परत येऊ.

"जाऊ की," सिसी म्हणाली. "मग ती थोरल्याच्या घरची सून होईल. तुला सून नको असेल तर तसं सांग."

मला सून हवी होती. मग गाय आणणं आलं.

वडिलांच्या कळपातली, म्हणजे आमच्याच रक्ताची म्हणावी अशी गाय भावाने पाठवली. कपाळावर पांढरा पट्टा, अगदी इस्पितळातल्या मुख्य नर्सच्या टोपीसारखा, आणि स्वभावही तसाच. म्हणून तिचं नाव मेट्रन. सोबत वासरू. टेंपोतून उतरताच मेट्रनने आमच्या सनीरिज वसाहतीकडे नाक वर करून एकदा पाहिलं आणि पुढे होऊन मादलोमोचा गुलाबाचा वाफा खायला घेतला. मादलोमो काहीच बोलली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात ती काहीच बोलत नाही तेव्हा काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

गाय आली म्हणजे गोठा आला. आमचा गोठा म्हणजे छप्पर नसलेलं गोल कुंपण. त्याचं तोंड घराच्या मोठ्या दारासमोर हवं, कारण पूर्वजांशी बोलायचं ते तिथेच उभं राहून. तो मागच्या बाजूला बांधावा असं मी सुचवलं. सिसी म्हणाली, "बापाशी पाठमोरा बोलणार आहेस?" दारासमोर जागा एकच होती, ती म्हणजे गुलाबाचा उरलेला वाफा.

माझ्या हातात पहार बघताच शेजारच्या भिंतीवर ज्वारा उगवला. ज्वारा हे त्याच्या कुळाचं नाव, पण सगळे त्याला तसंच हाक मारतात, जसं मला भेले. तो कोर्टात दुभाषा होता. निवृत्त झाला तरी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची खोड गेली नाही. आमच्यातली भिंत त्याने वीतभर माझ्या हद्दीत बांधली आहे, यावरून आमचं वर्षानुवर्षं वैर. पण सभ्य माणसाने नमस्कार टाळायचा नसतो, म्हणून आम्ही रोज सकाळी एकमेकांची अख्खी वंशावळ मोठ्याने म्हणून नमस्कार करायचो. एकमेकांकडे न बघता.

"काय बांधतोयस, भेले?" तो म्हणाला. "म्हणजे, कसलं बांधकाम चाललंय?"

"गोठा."

"खांब वाकडा आहे. म्हणजे, सरळ नाही."

असं तो संध्याकाळपर्यंत सांगत राहिला. रस्त्याने जाणारे येणारे थांबून भर घालत होते. एकाने सांगितलं, काटेरी फांद्या लाव. दुसरा म्हणाला, काटेरी नको, गायीचे डोळे जातात. तिसऱ्याने नुसतंच विचारलं, "सर, पेन्शन पुरत नाही का?" शेवटी गोठा उभा राहिला. मी कपडे झटकून त्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि आमच्या कुळाची नावं घेतली. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला फार बरं वाटलं. मेट्रनने शेपटी वर केली आणि शेण टाकलं. सिसी म्हणाली, "बसला गोठा. आता विधी होईस्तोवर हलवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी झिमासा पाव आणायला निघाली. घराच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि थबकली. पिशवी हातात, नजर जमिनीवर.

"काय झालं गं?" मादलोमोने खिडकीतून विचारलं.

झिमासाने गोठ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. गोठा आणि मोठं दार यांच्यामधलं अंगण सुनेने ओलांडायचं नसतं. ती जागा पुरुषांची आणि पूर्वजांची. सुनेने घरामागून वळसा घालून जायचं. काल संध्याकाळपर्यंत ती हिरवळ होती, त्यावरून कुणीही नाचत जावं. आज ते अंगण होतं. आणि आमचं बाहेर जायचं एकमेव फाटक त्याच अंगणात होतं. घराच्या दोन्ही बाजूंच्या बोळांची तोंडंही तिथेच उघडत होती. म्हणजे सुनेला घरात घेण्यासाठी मी तिचा घराबाहेर जायचा रस्ता स्वतःच्या हाताने, खांब ठोकून बंद केला होता. आणि मी भूगोल शिकवला.

"पोरी, जा की," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"मी," सिसी आतून म्हणाली.

झिमासा हळूच म्हणाली, "ताता, माझ्या काकांनी विचारलं तर मी काय सांगू? तिथे नियम होते, पण कुणी पाळले नाहीत?" आणि ती पिशवी घेऊन मागे वळली. त्या दिवशी पाव मी आणला. पण पाव आणता येतो, रजा कशी आणणार? सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. रविवारी ती या घरातून कुठून निघणार होती?

उत्तर एकच होतं आणि ते मला तीन वेळा थुंकी गिळल्याशिवाय सुचलं नाही. ज्वाराची भिंत अंगणाच्या कडेने थेट घरामागे जाते. भिंतीपलीकडे ज्वाराची कोबी, ज्वाराचा कुत्रा आणि ज्वाराचं फाटक.

मी कोट घालून त्याच्याकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, कुत्र्याला गप्प केलं. कुत्र्याचं नाव अपील. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने बोटं जुळवली.

"सून येऊ दे जाऊ दे. म्हणजे, तिला मज्जाव नाही. पण भेले, आधी साक्षीदारांसमोर कबूल कर की भिंत योग्य जागी आहे."

"ज्वारा, ती वीतभर आत आहे, हे तुलाही ठाऊक आहे."

"मग तिला हेलिकॉप्टरने ने. म्हणजे, विमानाने."

मी घरी आलो. खिडकीतून झिमासा दिसत होती. अंगणात येता येत नाही म्हणून मागच्या पायरीवर बसून, काळ्या चहाचा कप हातात धरून ती भिंतीकडे बघत होती. मी परत कोट घातला. चर्चच्या गायक मंडळींतल्या दोन बायका आणि रस्त्यावरचा एक मका विकणारा यांच्या साक्षीने मी कबूल केलं की भिंत योग्य जागी आहे. मका विकणाऱ्याने टाळ्या वाजवल्या. ज्वाराने स्वतःच्या दोन शिड्या आणून भिंतीच्या दोन्ही बाजूंनी लावून दिल्या आणि पलीकडून कोबीच्या दोन रांगांमध्ये फळी टाकली.

तेव्हापासून आमची सून, औषधशास्त्राची पदवीधर, ब्लँकेट खांद्यावर घट्ट धरून, झगा एका हाताने सावरत, शिडीने भिंत चढायची, पलीकडे उतरायची, अपीलच्या भुंकण्यातून फळीवरून चालत रस्त्यावर जायची. येताना डोक्यावर मक्याच्या पिठाचं पोतं. वसाहतीतल्या बायका ते बघायला मुद्दाम त्या वेळेला झाडू घेऊन बाहेर येऊ लागल्या. आमचा सिविवे मोबाइलमधून मान वर करून एकदा म्हणाला, "भारी चढते ना?" मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता दूध काढायचं. गोठ्यात बायकांनी जायचं नाही. सिविवे गोठ्यात गेला आणि मेट्रनने त्याला एका लाथेत परत पाठवला. राहिलो मी. बादली घेऊन मी तिच्या पोटाशी बसलो. लहानपणी गावी दूध काढलं होतं, हात विसरणार नाहीत अशी माझी समजूत. हात साफ विसरले होते. मेट्रन मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी वर्गात नकाशा उलटा धरणाऱ्या पोराकडे बघायचो, तसंच.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मादलोमो ओरडली, "आधी वासराला लावा म्हणतेय!"

"कोण म्हणतेय?"

"सून! तिच्या आईच्या वडिलांकडे मुलगे नव्हते. लग्नाआधी हीच दूध काढायची!"

सासऱ्याशी सुनेने मोठ्याने बोलायचं नाही. म्हणून झिमासा सासूच्या कानात पुटपुटायची आणि मादलोमो ते अख्ख्या सनीरिजला ऐकवायची.

"ओढू नका म्हणतेय! वरून खाली दाबत या!"

"दाबतोय!"

"तो सड नाही म्हणतेय!"

फाटकासमोर एक मिनीबस टॅक्सी थांबली. आतले सगळे प्रवासी एका बाजूला सरकले, तशी गाडी तिरकी झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "सर! आम्हाला ओळखलं का? नववी ब!" मी बादलीत तोंड घातलं.

"गुणगुणा म्हणतेय! गायीला बरं वाटतं!"

मी गुणगुणलो. मला भजनाशिवाय काही येत नाही, म्हणून भजन गुणगुणलो. भिंतीवरून ज्वाराने दुसरा सूर लावला, कारण तो गायक मंडळात आहे आणि त्याला राहवत नाही. मेट्रनने उसासा टाकला आणि दुधाची पहिली धार बादलीच्या तळाला वाजली.

"आता पुढचं मी सांगतेय, ती नाही," मादलोमो ओरडली. "तुमची पँट मागे फाटलीय!"

दूध आईच्या जुन्या भोपळ्याच्या तुंब्यात ओतलं आणि आंबायला ठेवलं. सिसीने तुंब्यावर हात फिरवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती काही टोचून बोलली नाही. मला वाटलं, सुटलो.

मग फाटकाशी नगरपालिकेचा माणूस आला. गोठा दिसताच त्याने टोपी काढली, बाहेरूनच थांबून माझ्या कुळाचं नाव घेऊन आत यायची परवानगी मागितली, गोठ्याला वळसा घालून आला, आणि मग मला नोटीस दिली. वसाहतीत गुरं पाळायला परवाना लागतो. परवान्याला पशुवैद्याचा दाखला लागतो. दाखल्याला परवाना लागतो.

"अरे, पण भर बाजारात गायी फिरतात! परवाच एक बँकेत शिरली होती!"

"त्या रस्त्यावरच्या आहेत, सर. त्या कुणाच्याच नाहीत. तुमच्या गायीला मालक आहे, म्हणून अडचण आहे."

"मग तिला रस्त्यावर उभी करू?"

"केलीत तर मी काहीच बोलू शकणार नाही. पण मग ती तुमच्या घरची गाय कशी, सर?"

म्हणजे सिसीचाच प्रश्न, आता सरकारी टोपीत. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा ओळखीचा वाटला.

"तुम्ही मला भूगोलात नापास केलं होतंत," तो अदबीने म्हणाला. "पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत गाय आणि गोठा दोन्ही हलवायला हवेत."

मी म्हटलं, हरकत नाही, दूध तर तुंब्यात आहे. शनिवारी विधी, रविवारी गाय गावी, झिमासा कामावर. शुक्रवारी दुपारी मी बकरा घेऊन घरी आलो तेव्हा सिविवे ओट्यापाशी बसून भलं मोठं भांडं चमच्याने खरवडत होता. मक्याचा मोकळा उपमा आणि त्यावर आमासी. बाजूला तुंबा आडवा पडला होता.

"ताता, काय झालंय माहितीय, बाजारच्यापेक्षा हे लाख पटीने भारी आहे!"

सिसीने भिंतीला टांगलेली लाकडी पळी काढली आणि सिविवे, वय वर्षं तेहतीस, विमा कंपनीत अधिकारी, स्वयंपाकघरात गोल गोल पळाला.

"आपल्याच गायीचं होतं ना?" तो ओरडत होता. "मग मी खाल्लं तर काय बिघडलं, आत्या?"

"तू या घरचाच आहेस, मेल्या! तुला कोण घरात घेतंय!"

मला तो गोंधळ ऐकू येईनासा झाला. आजचं दूध आंबायला तीन-चार दिवस लागणार. त्याआधी मेट्रन गेलेली असेल, गोठा गेलेला असेल, झिमासा गेलेली असेल. ती तिच्या घरी दुकानातल्या दुधाचा चहा पिईल आणि माझ्या दारी आली की काळा. आणि तिचे ते जाडे काका विचारतील, खाल्लं का गं भेलेंच्या गायीचं? मी बकऱ्याची दोरी हातात धरून बसलो होतो. बकरा माझा कोट खात होता. मी खाऊ दिला.

मादलोमो माझ्यासमोर आली. "ऐका. ती म्हणतेय की तुंबा धुऊ नका. तळाशी राहिलंय तेवढं पुरे. संध्याकाळचं दूध कोमट करून त्यातच ओता आणि ब्लँकेटात गुंडाळून चुलीपाशी ठेवा. घट्ट नाही होणार, पण आंबट होईल."

"तू सांगतेयस की ती?"

"ती. आणि म्हणतेय, काळजी करू नका." मादलोमोने तुंबा उचलून उभा केला. "तिचे डोळे भरलेत हो. तिलाही हवंय ते. तुम्हाला वाटतं, तुम्हालाच हवंय."

झिमासाने स्वतःच्या खांद्यावरचं ब्लँकेट तुंब्यासाठी काढून दिलं होतं.

शनिवारी दुपारी दारामागे चटई अंथरली. भावकी आली, गायक मंडळ आलं, ज्वारा आला. तो अंगणातून आला, कारण त्याला कसली बंदी नव्हती. झिमासा भिंतीकडे पाय लांब करून, मान खाली घालून बसली. सिसीने बकऱ्याच्या पुढच्या उजव्या पायाचं भाजलेलं मांस काठीला लावून तिच्या ओठांशी नेलं. मग तुंब्यातून आमासी वाडग्यात ओतलं. ते पातळ होतं, पाण्यासारखं वाहत होतं, आणि कुणीही हसलं नाही. झिमासा मान वर न करता ते तळापर्यंत प्यायली. ओठावर पांढरी रेघ राहिली. ती तिने पुसली नाही.

"आता तू भेलेंची," सिसी म्हणाली. "इथलं दूध तुझं. तुझं नाव नोसांगो. फाटकाची लेक. आमच्या घराला तुझ्यासाठी फाटक नव्हतं, तू शोधलंस."

"फाटक माझं आहे," ज्वारा मागून म्हणाला. "म्हणजे, मालकी माझी."

मी बाहेर गेलो आणि मेट्रनच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिलो. तिने मला लाथ मारली, पण हलकी.

रविवारी सगळं संपलं. सकाळी नोसांगोने दुधाचा चहा केला, स्वतःच्या कपात दोनदा दूध ओतलं, आणि शिडी चढून गेली. दुपारी मेट्रन टेंपोत चढली. संध्याकाळी मी खांब उपटले. खाली उघडा, काळा, शेणाने माखलेला गोल राहिला, आणि भोवती गवत. मादलोमोने त्यात गुलाबाच्या काड्या खोचल्या. नगरपालिकेच्या माणसाने येऊन नोटीस निकालात काढली. सिसी गावी गेली. जाताना ती घराबद्दल काहीच बोलली नाही. मी वाट बघत होतो. माझी सगळी धडपड कशासाठी होती, तर चार दिवसांच्या गोठ्यासाठी, आणि आता मागे काय उरलं, तर पत्ता. पुढचे कित्येक महिने मला ते जेवताना आठवायचं.

नाताळात पोरं येणार होती. मी फाटकाला रंग दिला, दोन्ही झडपा सताड उघडल्या आणि कोट घालून उभा राहिलो. हॉर्न वाजला, पण ज्वाराच्या दारात. मी धावत घरामागे गेलो. भिंतीवर आधी रुमाल दिसला, मग चेहरा, मग एक हात भिंतीवर आणि एक हात पोटावर. पोट चांगलंच पुढे आलं होतं.

"अगं ए! थांब! तिथेच थांब!" मी ओरडलो. "पोरी, गोठा कधीच काढला! फाटक उघडं आहे, पुढून ये की सरळ!"

ती शिडीच्या वरच्या पायरीवर थांबली. तिथून घराच्या बाजूने पुढच्या वाफ्याची कड दिसते. तिने तिकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"खांब काढलेत, ताता," ती हळूच म्हणाली. "पण कुळाची नावं तुम्ही तिथेच घेतली होती ना?"

मला रडू आलं. दिवसाढवळ्या, कोटात, ज्वाराच्या देखत. ज्वाराने पलीकडून तिचा दंड धरून तिला अलगद खाली उतरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि घरात गेला. बाहेर आला तो घण घेऊन. ज्या भिंतीसाठी आम्ही दोघांनी वकील धरले होते, तिला त्याने स्वतः पहिला घाव घातला. दुसरा मी घातला. अपील भुंकून भुंकून थकला. सून सहज पार जाईल एवढी वाट मोकळी झाली तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

"भेले," तो घाम पुसत म्हणाला, "ती वीतभर आतच होती. म्हणजे, तुझ्या हद्दीत."

संध्याकाळी सिसीचा गावाहून फोन आला. पोरं पोचली का, पोर कशी आहे, कितवा महिना, सगळं विचारून झालं.

"आली कुठून ती?" तिने मग विचारलं.

"मागून."



"मग आहे तुझं घर," सिसी म्हणाली. "आता ठेव फोन. मला शेळ्या बांधायच्यात."